वेंचीला बिऱ्हाड: घानातल्या लहान गावात राहायला जाताना

काजूच्या धंद्यातल्या माणसाला वेंची हे नाव नवं नाही. बाकीच्यांसाठी पत्ता असा: पश्चिम आफ्रिकेतला घाना देश, त्याच्या पश्चिमेला आयव्हरी कोस्टच्या सीमेला लागून बोनो प्रांत, प्रांताचं मुख्य ठिकाण सुन्यानी, आणि तिथून गाडीने तासाभरावर वेंची. सिंधुदुर्गातल्या, चंदगड-आजऱ्यातल्या कारखान्यांना आपली बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेची बी जहाजाने येते. ती गावोगाव खरेदी करायला, आतला गर कसा आहे ते कापून बघायला, पोती भरून टेमा बंदराकडे लावायला इथे माणसं लागतात. मी त्यातलाच एक. सावंतवाडीहून आलो त्याला तीन हंगाम झाले.

गावाकडून कुणी ना कुणी फोन करून विचारतो, 'मीही येऊ का? काय काय तयारी करू?' जी माहिती सापडते ती बहुतेक अक्राची असते. अक्रा राजधानी, तिथे मॉल आहेत, भारतीय हॉटेलं आहेत, तूरडाळ मिळते. वेंची अक्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत आहे. म्हणून ज्या क्रमाने गोष्टी कराव्या लागतात, त्याच क्रमाने लिहितोय.

होकार देण्याआधी

ऑफर लेटर आलं की लोक पगाराचा आकडा बघतात. तो कोणत्या चलनात आहे ते आधी बघा. घानाचं चलन सेडी. 2022 साली सेडी इतका घसरला की डिसेंबरात महागाई 54 टक्क्यांच्या वर गेली होती. नंतर सावरला, पण ज्यांचा पगार सेडीत ठरला होता त्यांनी ते वर्ष कसं काढलं ते त्यांनाच माहीत. पगार डॉलरमध्ये आणि भारतातल्या खात्यात जमा व्हावा, खर्चापुरते सेडी हातात मिळावेत, अशी बोलणी करा.

दुसरा मुद्दा वर्क परमिटचा. 'आधी टुरिस्ट व्हिसावर ये, नंतर कागद करू' असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. वर्क परमिट आणि रहिवासी परवाना काढणं कंपनीचं काम आहे आणि त्याचा खर्चही तिचाच. करारात हे लिहून घ्या: परमिट कोण काढणार, वर्षाला घरी यायचं तिकीट कोण देणार, आणि गंभीर आजारात कुमासी, अक्रा किंवा भारतात हलवायची वेळ आली तर तो विमा आहे का. हा शेवटचा मुद्दा विचारताना लोकांना अवघडल्यासारखं होतं. विचाराच.

सुट्टीचंही आत्ताच बोला. काजूचा हंगाम इथे फेब्रुवारी ते जून, म्हणजे साधारण कोकणासारखाच. त्या काळात सुट्टी मागणं म्हणजे पेरणीच्या वेळी बैल मागण्यासारखं आहे. शिमगा गेला असं समजा. गणपती मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात येतात तेव्हा इथलं गोदाम रिकामं असतं. मी करारात 'गणेश चतुर्थीच्या आसपास तीन आठवडे' असं लिहून घेतलं. मॅनेजरला गणेश चतुर्थी म्हणजे काय ते समजावून सांगायला अर्धा तास लागला, पण लिहून मिळालं.

कागद आणि लस

पिवळ्या तापाची म्हणजे यलो फीव्हरची लस घेतल्याशिवाय घानात प्रवेश नाही. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. मुंबई, पुणे, गोवा इथल्या ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. नंबर लावावा लागतो, ठरावीक वारीच देतात, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं. तिकीट काढायच्या आधी लस, हा क्रम पक्का ठेवा. अंड्याची ॲलर्जी असेल, वय साठीच्या पुढे असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर तिथल्या डॉक्टरला आधीच सांगा. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. ते पिवळं कार्ड परत येतानाही लागतं, त्याचं पुढे सांगतो.

त्याच फेरीत टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी, धनुर्वात आणि मेंदूज्वर म्हणजे मेनिन्जायटिसच्या लसीबद्दल विचारा. कोरड्या महिन्यांत उत्तर घानात मेंदूज्वराची साथ येते आणि बोनो प्रांत त्या पट्ट्यापासून फार लांब नाही. कुत्र्यांची भीती असेल तर रेबीजचंही विचारा, कारण इथे मोकळी कुत्री आपल्याकडच्यासारखीच आहेत.

व्हिसा दिल्लीतल्या घाना हाय कमिशनकडून. पोलीस क्लिअरन्स, पदवीची प्रमाणपत्रं, मेडिकल, हे कंपनी सांगेल तसं. बँकेत जाऊन साधं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं, भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या आणि पगारासाठी एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) उघडा. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर साधं खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही. घरी कुणाला तरी पॉवर ऑफ ॲटर्नी देऊन ठेवा. सातबाऱ्यावरची एक सही राहिली म्हणून मला चार महिने थांबावं लागलं होतं.

बॅगेत काय

प्रेशर कुकर, आणि त्याचे दोन जादा गॅस्केट. कुकर इथेही मिळेल, तुमच्या मापाचं गॅस्केट मिळणार नाही. लोखंडी तवा. मिक्सर आणायला हरकत नाही, वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट आहे; पिना मात्र इंग्लंडसारख्या चौकोनी, तेव्हा अडॅप्टर इथे उतरल्यावर घ्या, स्वस्त मिळतात. गोडा मसाला, मालवणी मसाला, हिंग, मोहरी, आमसुलं, तूरडाळ पाच-सात किलो. आमसुलं जास्त घ्या, कारण जेवणाच्या भागात लिहिलंय.

रोजच्या औषधांचा सहा महिन्यांचा साठा, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. कोडीन असलेली खोकल्याची औषधं घानाने 2018 मध्ये बंद केली, आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकावर त्यांची फार करडी नजर असते. आपल्याकडे सहज मिळतं म्हणून घेऊन गेलात तर विमानतळावरच बसवून ठेवतील. एक विचित्र वाटेल अशी सूचना: लष्करी छापाचे, हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे आणू नका. साध्या नागरिकाने ते घालणं इथे बेकायदा आहे. आपली पोरं ट्रेकला घालतात तशी कार्गो पँट घरीच ठेवा.

कपडे सुती, पण एक जाडसर चादर असू द्या. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हरमट्टान वारा येतो. दिवसा धुरळ्याने आभाळ पांढुरकं, पहाटे चक्क थंडी, ओठ फुटतात, टाचा फुटतात. व्हॅसलिनचा डबा आणा.

अक्रा ते गाव

मुंबईहून थेट विमान नाही. आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे अक्राच्या विमानतळावर उतरायचं. अक्रात दोन दिवस काढाच: घाना कार्ड (इथलं ओळखपत्र, परदेशी रहिवाशांचं वेगळं असतं), सिम, बँकेचं खातं, भारतीय दुकानातली खरेदी. सिमला आणि बँकेला हे कार्ड लागतं, म्हणून त्याच्या मागे पहिल्या दिवसापासून लागा. भारतीय हाय कमिशनकडे नोंदही करून टाका.

अक्रा ते कुमासी अडीचशे किलोमीटर, पुढे टेचीमन सव्वाशे, तिथून वेंची तीसेक. नकाशावर सोपं दिसतं. बसने अख्खा दिवस जातो. कुमासीपर्यंत देशांतर्गत विमान आहे, ते घ्या आणि पुढे गाडीने या. रात्रीचा प्रवास टाळा. हा माझा एकमेव हट्ट आहे. लाकडाचे ट्रक दिव्याविना उभे असतात, आणि आपली सवय डाव्या बाजूची. घानाने 1974 साली गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने घेतल्या, त्यामुळे रस्ता ओलांडतानासुद्धा पहिले काही दिवस मान चुकीच्या बाजूला वळते.

घर

इथे घर बघताना तीन शब्द कानावर पडतील. 'सिंगल रूम' म्हणजे एक खोली. 'चेंबर अँड हॉल' म्हणजे एक झोपायची, एक बसायची. 'सेल्फ-कंटेन्ड' म्हणजे संडास-बाथरूम-स्वयंपाकघर आपलं स्वतःचं. यातलं तिसरं घ्या. 'कंपाऊंड हाऊस' म्हणजे आपली चाळ: मधे अंगण, भोवती खोल्या, नळ सामाईक. अविवाहित मुलाला सोबत म्हणून ते वाईट नाही, पण पहिल्या वर्षी स्वतःचं न्हाणीघर असलेलं बरं.

भाडं महिन्याचं सांगतात आणि मागतात दोन वर्षांचं, एकरकमी. 1963 चा भाडे कायदा सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ घेऊ नये म्हणतो. कायदा कायद्याच्या जागी आहे आणि घरमालक आपल्या ओट्यावर आहे. मी पहिल्यांदा फसलो तो इथेच: एक वर्षाचे पैसे मोजून दिले, राहायला गेलो, मग कळलं की बोअरवेल शेजाऱ्याची आहे आणि त्याचं मालकाशी भांडण आहे. पाणी बंद. तेव्हापासून माझी रीत अशी की पैसे द्यायच्या आधी घर तीनदा बघायचं: एकदा सकाळी नळ सोडून, एकदा संध्याकाळी लाइट लावून, एकदा पाऊस पडल्यावर छपराखाली उभं राहून. आगाऊ रक्कम कंपनीने द्यावी, पावतीवर महिने लिहावेत, साक्षीला गावातलं कुणीतरी वजनदार माणूस असावं.

खिडक्यांना जाळी, दारांना जाळी, पाण्याला काळी टाकी (इथे तिला 'पॉलीटँक' म्हणतात), विजेचा स्वतंत्र प्रीपेड मीटर. सामाईक मीटर असेल तर दर महिन्याला शेजाऱ्याच्या फ्रिजवरून वाद. भिंतीवर लाल डोक्याचे सरडे दंड-बैठका काढताना दिसतील. राहू द्या, किडे खातात.

लाइट जाते. तिला इथे शब्दच आहे: 'दुमसोर', म्हणजे बंद-चालू. आपल्या लोडशेडिंगची सवय असलेल्याला यात नवीन काही नाही. एक इन्व्हर्टर आणि दोन चार्जिंगचे दिवे. गॅसचं सिलिंडर आपलं स्वतःचं विकत घ्यायचं आणि रिकामं झालं की भरणाऱ्या स्टेशनवर न्यायचं. किलोवर भरून मिळतं. शेगडी-रेग्युलेटर इथलेच घ्या, आपले बसत नाहीत. पिण्याचं पाणी अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत मिळतं, तीस पिशव्यांचा गठ्ठा. कोपरा दाताने तोडून प्यायचं. तोंड लावण्याआधी पिशवी पुसा.

पैसे मोजायची रीत

रोजचा व्यवहार मोबाइल मनीवर चालतो. यूपीआयसारखंच, फक्त इथे बँकेऐवजी सिमकार्ड हेच खातं. चौकाचौकात छत्री लावून एजंट बसलेले असतात; रोख द्या, मोबाइलमध्ये घ्या, किंवा उलट. 'चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, परत पाठवा' असा फोन आला की ठेवून द्या. ही लबाडी इकडेही पोचलीय.

भाजीवाली दोन सेडीची मिरची 'ट्वेंटी थाउजंड' म्हणाली तर दचकू नका. 2007 मध्ये दहा हजार जुन्या सेडीचा एक नवा सेडी झाला, पण म्हाताऱ्या बायका अजून जुन्याच हिशोबात बोलतात. आपल्या आज्या नव्या पैशांच्या जमान्यात आणे मोजत होत्या तसंच.

ताप आला तर

इथे थांबून वाचा. बाकी सगळं चुकलं तर गैरसोय होईल; हे चुकलं तर जीव जाईल.

आपल्याकडे मलेरिया झाला की बरेचदा व्हायव्हॅक्स जातीचा असतो. थंडी वाजते, घाम येतो, माणूस आठवडाभर आडवा होतो आणि उठतो. इथला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा. तो एक-दोन दिवसांत मेंदूवर, मूत्रपिंडावर जाऊ शकतो. आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यातलं क्लोरोक्विन इथे उपयोगाचं नाही.

इथल्या लोकांना लहानपणापासून डास चावून अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती आलेली असते. मोठा माणूस मलेरिया अंगावर काढून कामाला येतो आणि 'जस्ट मलेरिया' म्हणतो. ते बघून आपणही तसंच करायला जातो. तिसऱ्या महिन्यात मीही तेच केलं. मार्चचे दिवस, गोदामावर बी कापायचं काम, दुपारी डोकं जड, पाठ मोडल्यासारखी. उन्हाने असेल म्हटलं. पॅरासिटामॉल घेतली, ताप उतरला, दुसऱ्या दिवशी परत तेच. संध्याकाळी काप मोजताना आकडे दोनदा चुकले. आमच्याकडचा कोफी नावाचा हमाल, वय असेल पन्नास, त्याने माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. बोटातून थेंबभर रक्त, पंधरा मिनिटांत पट्टीवर दोन रेघा. डॉक्टर एवढंच म्हणाल्या की उद्या आला असतात तर सलाइन लावून कुमासीला पाठवावं लागलं असतं.

त्यानंतरचे माझे नियम:

ताप आला, अगदी 38 अंश सेल्सियस जरी, तरी त्याच दिवशी तपासणी. उद्या नाही. तपासणीची किट औषधाच्या दुकानात मिळते, घरात दोन-तीन ठेवा. पण किट 'नाही' म्हणाली आणि ताप राहिला तर पुन्हा तपासा, दवाखान्यात जा. गोळ्या डॉक्टर देतील त्या (बहुतेक वेळा आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन, तीन दिवसांत सहा डोस). त्या तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्यायच्या, नुसत्या पाण्याबरोबर नीट लागू पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी सहाही डोस संपवायचे.

आधीपासून घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्याही आहेत: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सिसायक्लिन, मेफ्लोक्विन. प्रत्येकीचा वेगळा त्रास आहे. डॉक्सिसायक्लिनने उन्हात कातडी भाजते, मेफ्लोक्विन मानसिक आजार झालेल्याला देत नाहीत. वर्षानुवर्षं राहणारे बरेच लोक गोळ्या सोडून देतात. तुम्ही पहिले काही महिने तरी सोडू नका, आणि सोडायच्या असतील तर डॉक्टरशी बोलून सोडा. मलेरियाचा डास रात्री चावतो, तेव्हा औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. गरम होतं खरं. होऊ द्या.

लहान मुलं आणि गरोदर बायको यांना पहिल्या वर्षी आणू नका, असं माझं मत आहे. आधी एकट्याने येऊन घर, दवाखाना आणि शाळा बघा.

जेवणाचं

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: 'व्हेजिटेरियन' हा शब्द गावात फारसा कुणाला कळत नाही. 'नो मीट' म्हटलंत तर मासा येतो. 'नो मीट, नो फिश, नो चिकन' असं सगळं म्हणावं लागतं, आणि तरीही रश्श्यात सुक्या कोळंबीची वडी किंवा 'शितो' नावाची काळी चटणी असतेच. तिच्यात सुकी मासळी असते. शाकाहारी माणसाचा खरा आधार म्हणजे 'वाचे'. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवलेली, ज्वारीची पानं घालून लालसर केलेली. वरचा रस्सा नको म्हणायचं, घरी नेऊन तूप आणि लोणच्याबरोबर खायचं. तळलेली पिकी केळी, भाजलेला सुरणासारखा याम, शेंगदाणे, हे सगळीकडे.

बाजारात गेलात की मात्र कोकणी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. टोमॅटो, मिरच्या, कांदे वाट्यांनी मांडलेले, एका वाट्याचा एक भाव. धान्य 'ओलोंका' नावाच्या डब्याच्या मापाने, आपल्या पायलीसारखं. शीग लावून देतात आणि वर मूठभर जास्त घालतात. ती मूठ मागायला लाजू नका, न मागणाऱ्याला ती मिळत नाही. वेंचीचा बाजार लहान, पण टेचीमनचा घानातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी. उत्तरेकडची बाजरी आणि ज्वारी तिथे मिळते. ज्वारीला इथल्या इंग्रजीत 'गिनी कॉर्न' म्हणतात. दळायला 'निका-निका', म्हणजे गिरणी. सकाळी लवकर जा, कारण दुपारनंतर तिच्यात मिरच्या दळलेल्या असतात आणि भाकरीला ठसका लागतो. पहिली ओंजळ बाजूला काढायची. पीठ आपल्यापेक्षा जाड येतं, चाळून घेतलं की भाकरी थापता येते.

'कोंतोमिरे' म्हणून पानं विकतात, ती आमच्या अळूच्या भावकीतली. इथे त्यांचा कलिंगडासारख्या फळाच्या बिया वाटून घट्ट रस्सा करतात. मी त्याचं फदफदं करतो: शेंगदाणे, चवळी, वरून आमसुलं. नीट शिजवलं नाही तर घसा खाजतो, अगदी आपल्यासारखाच. आमसुलं म्हणूनच जास्त आणायला सांगितली.

मासे खाणाऱ्यांना एक गुपित. फ्रोझन मासळीच्या दुकानाला 'कोल्ड स्टोअर' म्हणतात, आणि तिथे 'साल्मन' मागितला की जो मासा मिळतो तो बांगड्याचा भाऊबंद असतो. पहिल्यांदा मी महागाचा म्हणून साल्मनकडे बघितलंच नव्हतं. आता दर रविवारी त्याचं तिरफळ घालून तिखलं होतं. नारळ किनाऱ्यावरून येतो आणि इथे महाग पडतो, त्यामुळे कांदा-खोबऱ्याच्या वाटपाची चैन सणालाच.

इथले शेतकरी बी काढून बोंडू तसेच झाडाखाली टाकतात. एप्रिलमध्ये बागेतून चालताना तो कुजका-गोड वास येतो आणि मला गोव्याची भट्टी आठवते. काजू ब्राझीलमधून पोर्तुगीजांनीच आपल्याकडे आणला, आफ्रिकेतही आणला. फेणीची कला मात्र इथे कुणी आणली नाही.

पाणी आधी, काम मग

भाषेची अडचण फार नाही, सरकारी भाषा इंग्रजी आहे. गावात च्वी बोलतात. सकाळी 'माचे', दुपारी 'माहा', संध्याकाळी 'माज्वो', आभाराला 'मेदासे', खुशाली विचारायला 'एते सेन?'. एवढ्यावर महिना निघतो. पोरं 'ओब्रोनी, ओब्रोनी' म्हणून मागे लागतील. गोऱ्याला आणि परक्याला एकच शब्द. आयुष्यात मला गोरा म्हणणारी ही पहिलीच माणसं. जन्मवार विचारून नाव देतात: शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. मी बुधवारचा, म्हणून क्वाकू. आईला फोन करून वार विचारून ठेवा.

इंग्रजी आपलं वाटेल पण वेगळं आहे. दुकानदार 'आय ॲम कमिंग' म्हणून उठून निघून जातो. तो चाललाय, परत येणार आहे. आपण निघताना 'येतो' म्हणतो, तेच. कुणी जेवत असेल आणि तुम्ही जवळून गेलात तर 'यू आर इन्व्हायटेड' म्हणेल, म्हणजे आपलं 'या जेवायला'. हसून आभार मानायचे आणि पुढे जायचं; बसायचं नसतं. तुम्ही जेवत असाल तर तुम्हीही म्हणा. न म्हणणारा माणूस अधाशी ठरतो.

माझी पहिली चूक अशी. पहिल्या हंगामात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात गेलो आणि उभ्या उभ्या भाव विचारला. तो काही बोलला नाही. नातवाला हाक मारली, त्याने बाक आणला, मग पाण्याचा पेला आणला. मी प्यायलो, पुन्हा भाव काढला. म्हातारा गप्प. शेवटी नातू माझ्या कानात म्हणाला, 'ते तुम्हाला अजून विचारायचेत.' इथे पाहुण्याला आधी बसवतात, पाणी देतात, 'अक्वाबा' म्हणतात, आणि मग घरचा माणूस रीतसर विचारतो, कसं येणं केलंत? त्याला 'अमानिए' म्हणतात. आधी सगळं क्षेम आहे असं सांगायचं, मग काम. आमच्या आजोबांच्या पडवीत आलेल्या माणसाला गूळ-पाणी दिल्याशिवाय कुणी काम विचारत नसे. हे मला तिथे बाकावर बसून आठवलं, आणि लाज वाटली.

डावा हात. देताना, घेताना, बोट दाखवताना, हात हलवताना उजवाच. आपल्याला हे नवीन नाही, पण कामाच्या घाईत विसरतो. एका बाईला वजनाची चिठ्ठी मी डाव्या हाताने दिली, उजव्यात कॅल्क्युलेटर होता. तिने घेतलीच नाही, नुसती बघत राहिली. उजवा हात खरंच अडकला असेल तर 'सॉरी फॉर माय लेफ्ट' म्हणायचं. चालतं.

गावच्या राजाला, म्हणजे 'चीफ'ला, पहिल्या महिन्यात भेटून या. एकट्याने नाही, गावातल्या माणसाबरोबर. श्नॅप्सची एक बाटली न्यायची रीत आहे. तुम्ही पीत नसलात तरी न्या, ती पूर्वजांच्या नावाने असते. टोपी काढा, पायावर पाय टाकून बसू नका, आणि चीफशी थेट बोलू नका. त्यांचा 'ओच्यामे' असतो, तुमचं म्हणणं तो पोचवतो आणि उत्तरही त्याच्यातर्फे येतं. वेंची तर घानाचे माजी पंतप्रधान कोफी बुसिया यांचं गाव, राजघराण्याचा मान मोठा. ही भेट झाली की गोदामाला जागा हवी, शेजाऱ्याशी तंटा झाला, कुणी पोती चोरली, प्रत्येक वेळी तुमच्या बाजूने बोलणारं कुणीतरी असतं. माझं बोअरवेलचं भांडणही शेवटी तिथेच मिटलं.

शनिवारी कुणाकडे तरी अंत्यविधी असतोच. काळे-लाल कपडे, मांडव, लाउडस्पीकर, शेकडो माणसं. कामगाराच्या घरचा असेल तर जा, पाकीट द्या. रक्कम आणि नाव माइकवरून पुकारतात, पावती मिळते. न गेलेलं लक्षात राहतं.

फिरणं, आणि मन लागणं

गावातल्या गावात तीनचाकी 'प्राग्या' आहे. पहिल्यांदा बघाल तेव्हा हसू येईल, कारण ती आपली बजाजची रिक्षा. गावाबाहेर शेअर टॅक्सी आणि 'ट्रोट्रो', म्हणजे आपली वडाप. भरली की सुटते, तोवर बसून राहायचं. मोटरसायकलवर मागे बसायचं तर हेल्मेट स्वतःचं ठेवा.

एकटेपणा सहा वाजता येतो. विषुववृत्त जवळ, वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि तेव्हा घरी साडेअकरा वाजलेले असतात. फोन करायला कुणी जागं नसतं. म्हणून घरी बोलायची वेळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ठेवा. अक्राला काम निघालं तर ओडोरकोरचं हिंदू मंदिर बघून या. घानाचेच असलेल्या स्वामी घनानंद सरस्वतींनी ते उभं केलं. भक्त बहुतेक घानाचे, आणि तिथे गणपतीही बसतो. आफ्रिकन गळ्यांतली ती आरती एकदा ऐकावी.

सुट्टीला घरी जाताना

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य खात्याचं टेबल असतं. घानाहून आलेल्याला पिवळं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि बाहेर घरचे गाडी घेऊन उभे. माझं कार्ड मी रबर बँडने पासपोर्टला बांधून ठेवतो.

दुसरं, घरी गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं: 'मी आफ्रिकेतून आलोय, मलेरिया तपासा.' गणपतीत पावसाळा असतो, गावातला डॉक्टर डेंग्यू नाहीतर लेप्टो समजून चालतो. हे वाक्य घरच्यांनाही पाठ करून द्या, कारण तापात तुम्हाला ते बोलता येईलच असं नाही.

आणि वेंचीहून निघताना सगळ्यांना सांगून निघा. प्रत्येक जण विचारेल, 'मला काय आणशील?' कोफीने मागच्या वर्षी मालवणी खाजं मागितलं. त्याला ते तोंडाला लावलं मीच. यंदा त्याच्या घरचे मिळून तीन किलो सांगितलंय.